टेकडीवर श्रमदान करताना आणि घरी गॅलरीतून: पुण्यातली झाडं, पाखरं आणि त्यांच्या नोंदी

रानजुई

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी टेकडीवर श्रमदानाला जाणारे आता पुण्यात पुष्कळ झाले आहेत. वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर, म्हातोबा, कुठेही जा, कुणीतरी खांद्यावर पाण्याचे कॅन घेऊन चढताना दिसतंच. मीही त्यातलीच. कामाबद्दल इथे बरेच धागे आहेत, म्हणून हा वेगळ्या गोष्टीसाठी काढते आहे.

रोपं किती लावली, किती जगली याचा हिशेब प्रत्येक गटाकडे असतो. पण जिथे खड्डा घेतला तिथे आधी काय उगवत होतं, कोण राहत होतं, त्या महिन्यात शेजारच्या झाडावर काय चाललं होतं, हे कुणाच्याच वहीत नसतं. माझं स्पष्ट मत आहे की ही नोंद नसेल तर आपलं निम्मं काम अंदाजपंचे होतं. काय लावायचं, कधी खुरपायचं, कुठल्या फांदीला हात लावायचा नाही, हे सगळं बघण्यातूनच ठरतं.

एक उदाहरण देते. फेब्रुवारीत आमचं काम असतं ते जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ करायचं आणि रोपांच्या आळ्यांत पालापाचोळा भरायचं. त्याच वेळी उतारावरचा पळस फुललेला असतो. झाडावर एक पान नाही, नुसती केशरी फुलं. बाटलीतलं पाणी पिता पिता त्याच्याकडे बघत उभं राहिलं की समजतं, हे झाड म्हणजे त्या दिवसांतली खाणावळ आहे. शिंजीर, साळुंक्या, कोतवाल, सातभाईंचा अख्खा थवा, बुलबुल, सगळे तिथेच. एकदा एका साळुंकीला अगदी जवळून पाहिलं. फुलाच्या होडीसारख्या पाकळीत तिने डोकं खुपसलं आणि बाहेर काढलं तेव्हा कपाळ पिवळंधमक झालेलं. पराग. तशीच उडून पुढच्या पळसावर गेली. त्याच उतारावर गिरिपुष्प या बाहेरून आणून लावलेल्या झाडांची रांग आहे. तीही फुललेली होती, गुलाबी-पांढरी. मधमाश्या होत्या, एखादा शिंजीर होता, पण ती वर्दळ नव्हती. हे पाहिल्यावर आमच्या गटाने पुढच्या पावसाळ्याच्या रोपांची यादी बदलली. पळस, पांगारा, सोनसावर वाढवले.

तर तुम्ही टेकडीवर, नदीकाठी, ऑफिसच्या आवारात, घरच्या गॅलरीत काय पाहता ते लिहा. महिना आणि साधारण परिसर लिहिला तर सगळ्यांनाच उपयोग होईल.

गच्चीबाग

छान धागा रानजुई! टेकडी चढणं गुडघ्यांमुळे आता होत नाही, त्यामुळे माझ्या नोंदी घरच्याच.

आमच्या गॅलरीत कढीपत्त्याची मोठी कुंडी आहे. पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसलं की मी पुसत नाही, आधी भिंग घेऊन बघते. बहुतेक वेळा ती कॉमन मॉरमन नाहीतर लाइम बटरफ्लायची लहान अळी असते. काळपट-पांढरी, ओलसर, हुबेहूब शीट. पाखरं फसतात ती याच रूपाला. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते आणि पानांत दिसेनाशी होते. काडीने हलकेच स्पर्श केला तर मानेमागून दोन शिंगं झर्रकन बाहेर येतात आणि एक उग्र वास सुटतो. नात आली की तिला हेच बघायचं असतं.

कोष करताना अळी देठाला कमरेभोवती रेशमाचा एक दोरा बांधते आणि त्यावर रेलून राहते. त्या दोऱ्याला धक्का लागू देऊ नका. आठ-दहा दिवसांत फुलपाखरू येतं. कधीकधी मात्र कोषाला बारीक भोक पडतं आणि आतून गांधीलमाशीच्या जातकुळीतला किडा निघतो. पहिल्यांदा फार वाईट वाटतं, पण तोही त्या कुंडीचा रहिवासीच.

पानफुटीची कुंडी असेल तर जाड पानं उजेडात धरून बघा. रेड पिअरो या फुलपाखराची अळी पानाच्या आत राहून गर खाते. बाहेरून पान नुसतं पांढुरकं दिसतं. "रोग पडला" म्हणून लोक झाड टाकून देतात!

मुठाकाठ

रानजुई, पळसाच्या यादीत भोरड्या राहिल्या. त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. हिवाळ्यात येतात आणि परत जायच्या आधी पळस-पांगाऱ्यावर तुटून पडतात. मार्चमध्ये संध्याकाळी त्यांचे थवे रातथाऱ्याला उतरताना पाहायचे असतील तर घराच्या गच्चीतूनही दिसतात, फक्त सूर्य मावळायच्या जरा आधी वर जाऊन उभं राहायचं. माझ्या नदीकाठच्या नोंदी नंतर सवडीने टाकतो.

पहारवाला

गिरिपुष्पाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. बरीच वर्षं या कामात आहे.

हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं. आपल्या टेकड्या बोडक्या होत्या, माती वाहून जात होती, तेव्हा लवकर वाढणारं आणि गुरं-शेळ्या सहजी तोंड लावत नाहीत असं झाड म्हणून ते लावलं गेलं. ते जगलं, कारण ते चिवट आहे. मुळांवरच्या गाठींमुळे नत्र धरतं, पाला उत्तम खत होतो. हे त्याचं देणं मान्यच केलं पाहिजे. पण त्याच्याखाली उकिडवं बसून बघा. मातीत गवत विरळ, झुडपं जवळपास नाहीत. पानांवर अळ्या शोधायला गेलात तर फारशा सापडत नाहीत. अळी नाही तर पिलांना भरवणारं पाखरू तिथे कशाला येईल? आता शेजारचं एखादं जुनं शिमटीचं किंवा काकडाचं झाड बघा. साल खडबडीत, तिच्या भेगांत कोळी, मुंगळे, नाकतोडे. सुतार आणि राखी वल्गुली हे पक्षी त्या सालीवर सकाळभर काम करत असतात.

सावलीचा_शोध

पहारवाले काका, मग हे गिरिपुष्प एकदाच मुळासकट काढून देशी झाडं का लावत नाही? आमच्या गटात काहींचं म्हणणं आहे की जेवढं लवकर तेवढं बरं.

पहारवाला

अरे, घाई नको. एक तर टेकडीचा बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय फांदीलाही कोयता लावता येत नाही आणि तेच योग्य आहे. दुसरं, उतारावरची सगळी सावली एकदम गेली तर पहिल्याच पावसात माती खाली येईल आणि मोकळ्या जागेत घाणेरी व रानमारी घुसेल. ही दोन्ही झुडपं उजेडाचीच वाट बघत असतात.

आम्ही बघत बघत शिकलो ते असं. गिरिपुष्पाच्या सावलीत आधी देशी रोप लावायचं. ते कमरेएवढं झालं की परवानगी घेऊन फक्त त्याच्या डोक्यावरची गिरिपुष्पाची फांदी कमी करायची. बुंधा तोडला तरी त्याला पावसात फुटवे येतातच, ते हाताने मोडत राहावे लागतात, एका वर्षात काम संपत नाही. आणि हे सगळं पावसाळा सरल्यावर, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत. मार्चपासून पुढे फांद्यांना हात लावायचा नाही. नाचणाचं घरटं पाहिलं आहेस का? बारक्या आडव्या फांदीवर कोळिष्टकांनी लिंपलेली वाटी, पेल्याएवढी. खालून शेपटीसारखी गवताची काडी लोंबते. छाटणी करणाऱ्याला ते दिसतच नाही.

पांगारा आणि शिमटीसाठी रोपवाटिकेवर अवलंबून राहायचीही गरज नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड फांदी लावली तर फुटते.

माळरान

मी थोडा वेगळा सूर लावणार आहे, राग मानू नका.

पुण्याच्या टेकड्यांवरचे सपाट खडकाळ माथे आणि आसपासचे माळ म्हणजे "ओसाड जागा" नव्हेत. तिथे झाड कमी आहे कारण मातीच वीतभर आहे. पण त्या गवतावर आणि मुरुमावर जगणारी एक वेगळी वस्ती आहे. चंडोल, माळटिटवी, तित्तर, ससा, गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे. हे सरडे २०१६ साली सरडा याच नावाच्या नव्या प्रजातीत (जीनसमध्ये) घातले गेले, त्यातल्या जाती आपल्या दख्खनच्या माळांवरच्या. एप्रिल-मेमध्ये नर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतो आणि मिटतो. भर उन्हात, जेव्हा आपल्याला दगडावर हात ठेववत नाही तेव्हा.

आता कामाचं वेळापत्रक बघा. पावसाळी लागवडीसाठी खड्डे कधी घेतले जातात? एप्रिल-मेमध्ये. टिटवीची अंडी जमिनीवर कधी असतात? त्याच महिन्यांत. घरटं म्हणजे काय, तर खड्यांमध्ये जरासा खोलगट भाग आणि मातकट रंगाची, काळे ठिपके असलेली अंडी. मी चार पावलांवर उभा होतो आणि तरी मला ती दिसत नव्हती, टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती म्हणून थांबलो. ती ओरडते तेव्हा ती आपल्याला वाट सोडायला सांगत असते. जेसीबीच्या आवाजात ते कोण ऐकणार?

माझी सगळ्या गटांना कळकळीची विनंती आहे. माथ्यावरचं गवत आणि उघडा खडक सोडून द्या. झाडं लावायची तर ओढ्याच्या कडेने, माती असलेल्या उतारावर लावा. पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात त्याच माथ्यावर जाऊन गुडघे टेकून बघा, काळ्या मुसळीची पिवळी चांदणीसारखी फुलं जमिनीलगत उघडलेली असतात. वर्षभर तिथे काहीच दिसत नव्हतं, कारण ती कंदाच्या रूपात जमिनीखाली होती. खड्डा घेतला असता तर गेलीच असती.

रानजुई

माळरान, राग कसला! हाच प्रतिसाद हवा होता. आमच्या गटात पुढच्या बैठकीला हा मुद्दा मांडते. माथ्यावर खड्डे नकोत यावर माझं पूर्ण अनुमोदन.

सावलीचा_शोध

माळरान यांच्या मुद्द्यावर एक शंका. गवत राखलं तर उन्हाळ्यात वणव्याची भीती नाही का?

माळरान

आहे ना. वणवा बहुतेक वेळा माणसामुळेच लागतो, पेटती काडी, सिगारेट, कुणी मुद्दाम लावलेला जाळ. त्यासाठी जाळरेषा आहेत, त्या पायवाटांच्या कडेने डिसेंबर-जानेवारीतच काढून घ्यायच्या. सगळं गवत कापून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही. कापायचंच तर बी गळून गेल्यावर, पट्ट्यापट्ट्याने.

खालची_आळी

सुरक्षेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दगडी बांध घालताना दगडाखाली फुरसं असू शकतं, पालापाचोळ्यात घोणस. दगडाच्या खाली बोटं घालायची नाहीत. पलीकडची कड पहारीने किंवा काठीने सैल करून दगड आपल्या बाजूला कलता करायचा, म्हणजे खाली कोणी असेल तर त्याला पलीकडे निघून जायला वाट मिळते. बूट हवेतच. साप दिसला तर काम थांबवून बाजूला व्हायचं, तो जातो. मारायचा नाही, पकडायचाही नाही. आणि चावलाच तर आवळपट्टी, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही न करता त्या माणसाला न हलवता-पळवता सरळ दवाखान्यात. आमच्या गटात नवीन आलेल्या प्रत्येकाला हे आधी सांगतो, मग घमेलं हातात देतो.

दुसरा_मजला

मी वाचनमात्र असते, पण आज विचारायचंच आहे. गॅलरीत कपड्यांच्या दोरीला एक लोंबतं घरटं झालं आहे. धागे, सालीचे तुकडे, कोळिष्टकं, असं काहीतरी गबाळं दिसतं, बाजूला छोटं दार. एक पिवळसर चिमणा पक्षी सारखा ये-जा करतो. घरातले म्हणतात काढून टाक. काय करू?

गच्चीबाग

अगं, मुळीच काढू नकोस! ही शिंजीराची मादी. नर चकचकीत जांभळा-काळा असतो, पण घरटं एकटी मादीच बांधते आणि उबवतेही तीच. नर पिलांना भरवायला मात्र मदत करतो. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिलं उडायला आणखी दोनेक आठवडे. महिन्याभराचा प्रश्न आहे, कपडे दुसरीकडे वाळत घाल. दिवसातून सारखं दार उघडून बघू नकोस, फ्लॅश मारून फोटो तर अजिबात नको. रात्री गॅलरीतला दिवा बंद ठेव.

पिलू खाली पडलेलं सापडलं आणि अंगावर पिसं नसतील तर हलक्या हाताने घरट्यात परत ठेव. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा समज खरा नाही. पिसं आलेली असतील, उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतं आहे. मांजर तेवढं लांब ठेवायचं.

दुसरा_मजला

खूप धन्यवाद ताई. दोरी सोडवून ठेवली आहे, कपडे आता बेडरूमच्या खिडकीत.

मुठाकाठ

घरच्या नोंदींवरून आठवलं. उन्हाळ्यात पाण्याचं पसरट भांडं जरूर ठेवा, खोली दोन बोटं पुरे, आणि रोज धुवा. पण पारव्यांना धान्य टाकणं थांबवा. त्यांच्या विष्ठेतून फुप्फुसाचे आजार होतात, आणि ते वाढले की गॅलरीतली बाकीच्यांची जागा जाते. पाखरांना खाऊ घालायची हौस असेल तर कुंडीत कढीपत्ता, लिंबू, रुई लावा. अळ्या आल्या की शिंपी आणि दयाळ आपसूक येतात.

पानझड

कुणाला घरबसल्या शास्त्रीय नोंद करायची असेल तर सीझनवॉच हा झाडांच्या नोंदी ठेवायचा उपक्रम बघा. रोज दिसणारं एकच झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा लिहायचं: पानं कोवळी, जून की सुकलेली, कळ्या आहेत का, फुलं उमललीत का, फळं कच्ची की पिकलेली. नाहीत, थोडी, पुष्कळ, एवढंच मोजमाप. मी घरासमोरचा बहावा घेतला आहे. सगळे म्हणतात बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो, पण नोंदी ठेवायला लागल्यापासून लक्षात आलं की याच रस्त्यावरचे दोन बहावे एकमेकांच्या बरोबर फुलत नाहीत. एकाच्या बुंध्याभोवती काँक्रीट आहे, दुसऱ्याला माती आहे. कारण तेच असं आत्ताच म्हणणार नाही, आणखी काही हंगाम बघायचे आहेत.

पक्ष्यांसाठी ईबर्ड, बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट. दोन्हीवर पुण्यातली मंडळी भरपूर आहेत, ओळख पटवून देतात.

पहारवाला

पानझड यांनी चांगलं सांगितलं, त्याला एक पुस्ती जोडतो. नोंदी टाकताना दोन गोष्टींची जागा उघड करू नका, घरटी आणि चंदन. टेकड्यांवर आणि जुन्या आवारांत चंदनाची रोपं आपोआप उगवतात, कोकीळ आणि बुलबुल फळं खाऊन बिया टाकतात. ते दुसऱ्या झाडांच्या मुळांतून काही पोषण घेतं, म्हणून बघाल तर नेहमी कुणाच्या तरी शेजारी असतं. मनगटाएवढा बुंधा झाला की चोरांची नजर पडते. फोटोबरोबर ठिकाण जाऊ देऊ नका.

दोन_उंबर

आमच्या इमारतीच्या पाइपजवळ उंबराचं रोप आलं आहे. प्लंबर म्हणतो ॲसिड टाका. पर्याय आहे का?

पहारवाला

ॲसिड नको. पाऊस सुरू झाला की भेगेत पाणी सोडून मुळं जमतील तेवढी अखंड काढा, पानं निम्मी कमी करा, कुंडीत सावलीला ठेवा. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, सगळे असे जगतात. वर्षभराने टेकडीवर द्या, आम्ही लावतो. उंबरवर्गातल्या प्रत्येक जातीची स्वतःची चिलटासारखी माशी असते, तिच्याशिवाय बी धरत नाही. झाडं वेगवेगळ्या वेळी फळतात, त्यामुळे बाकी रान कोरडं असतं तेव्हाही पाखरांना यांच्याकडे काहीतरी मिळतं.

दोन_उंबर

फारच उपयोगी. आणखी एक. आवारातच एक जुनं मोठं उंबर आहे, त्याची वाळलेली फांदी मे महिन्यात छाटायचं सोसायटीत चाललं आहे. फांदीला ढोली आहे. आत कोणी आहे की नाही हे कसं ओळखायचं? वर चढणं शक्य नाही.

रानजुई

वर चढूच नका. ढोलीच्या बरोबर खाली जमीन बघा. विष्ठा आणि फळांच्या बियांचा सडा असेल तर राखी धनेश असण्याची शक्यता मोठी. मादी आत बसून ढोलीचं तोंड स्वतःच्या विष्ठेने लिंपून घेते, एक उभी फट तेवढी राहते. आत असताना तिची उडायची पिसं झडतात, त्यामुळे फांदी पाडली तर ती उडूच शकत नाही. नर चोचीतून एकेक फळ काढून फटीतून देतो. सकाळी अर्धा तास लांबून, आडोशाला उभ्या राहा. आत कोणी असेल तर नर येणारच. बियांऐवजी केस-हाडांच्या गोळ्या दिसल्या तर पिंगळा.

सोसायटीला हेही सांगा की महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीसाठीही आधी उद्यान विभागाकडे विचारणा करायला सांगा. फांदी खरोखरच धोकादायक असेल तर खाली दोरी बांधून जागा बंद करा, पण पिलं उडेपर्यंत थांबा.

दोन_उंबर

सडा आहे! बिया उंबराच्या नाहीत, मोठ्या आहेत, फोटो काढला आहे. सेक्रेटरींना घेऊन जाऊन दाखवला. छाटणी पावसाळ्यानंतर करायचं ठरलं आणि फांदीखालची पार्किंगची जागा तोवर मोकळी ठेवतोय. बियांचा फोटो इथे टाकते, ओळखून सांगाल का? इमारतीचं नाव लिहीत नाही.

पानझड

टाका. बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून काढा, म्हणजे आकार कळेल.